आंबवण मेले की झोपले?

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक काचेची बरणी आहे. बरणीत कणीक आणि पाणी कालवून ठेवले आहे. आज पाचवा दिवस. तिसऱ्या दिवशी पीठ भसाभसा वर आले होते, तेव्हा घरात केवढा आनंद झाला! धाकट्याने शेजारच्या मुलांना बोलावून दाखवले. पण कालपासून बरणी अगदी गप्प आहे. बुडबुडा नाही, काही नाही. वास मात्र विचित्र येतो आहे. मग घरातले कोणी तरी म्हणते, "मेलं गं ते. फेकून दे." दुसरे कोणी हळूच म्हणते, "कुणाचा तरी हात लागला असेल." आणि ज्या मुलीने हौसेने हा उद्योग मांडला, ती खाली मान घालून बरणी मोरीत रिकामी करते.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, त्या बरणीतले आंबवण बहुधा मेलेले नव्हते. ते आणखी तीन-चार दिवसांत उभे राहिले असते. पीठ वाया गेले, मेहनत वाया गेली आणि वर एका पोरीच्या माथी नसता दोष बसला. हे सारे टाळता येते. त्यासाठी आंबवणाची नाडी पाहता आली पाहिजे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

हे आंबवण म्हणजे काय?

शहरातल्या मोठ्या बेकऱ्यांत आणि हॉटेलांत हल्ली 'सॉरडो' नावाचा पाव मिळतो. सॉरडो म्हणजे आंबट पीठ. या पावात बाजारचे यीस्ट घालत नाहीत. पीठ आणि पाणी कालवून, ते रोज थोडे थोडे ताजे करत जे आंबवण तयार होते, त्यावर हा पाव फुगतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात अनेक देशांत दुकानांतले यीस्ट संपले, तेव्हा लाखो घरांतून अशा बरण्या मांडल्या गेल्या. आपल्याकडेही पुष्कळांनी तो प्रयोग केला. काहींचा साधला, काहींचा फसला.

नाव परके असले तरी गोष्ट आपल्याला परकी नाही. दुधाला विरजण लावतो, इडलीचे पीठ रात्रभर ठेवतो, नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ भिजवून आंबील करतो, त्याच घराण्यातले हे काम आहे. गोव्यातले पोदेर पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर वापरत. आता बहुतेक ठिकाणी बाजारचे यीस्ट आले. पण सूर काय किंवा आंबट पीठ काय, फुगवणारे जीव त्याच जातकुळीचे.

या बरणीत दोन प्रकारचे कामगार राबत असतात. पहिला यीस्ट, म्हणजे किण्व. तो पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडे मद्यार्क तयार करतो. पीठ फुगते ते या वायूने. दुसरा कामगार म्हणजे दह्यात असतात तसल्या जातीचे जिवाणू. ते आम्ल तयार करतात. आंबट चव आणि वास त्यांचा. शिवाय या आम्लामुळे रोग पसरवणाऱ्या पुष्कळशा जंतूंना तेथे थारा मिळत नाही. म्हणजे एक कामगार पीठ उचलतो, दुसरा दारावर पहारा देतो.

दूध किंवा पीठ आंबते ते सजीवांच्या कामामुळे, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनाने जगाला पटवले. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सरकारी प्रयोगशाळेतल्या क्लाइन आणि सुगिहारा या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रसिद्ध आंबट पावाचा अभ्यास केला. त्यांना मोठी मजेची गोष्ट आढळली. त्या आंबवणातले जिवाणू माल्टोज नावाची साखर आवडीने खातात आणि तिथला यीस्ट त्या साखरेला तोंडही लावत नाही. दोघांच्या ताटात वेगवेगळे अन्न! भांडण नाही, म्हणून दोघांचा संसार वर्षानुवर्षे टिकतो. यीस्टच्या एका पेशीमागे तिथे सुमारे शंभर जिवाणू असतात.

कमी पिठात सुरुवात

पुस्तकांतून रोज शंभर-शंभर ग्रॅम पीठ घालायला सांगतात. आपल्याला एवढे पीठ रोज काढून टाकणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. २० ग्रॅम कणीक आणि २० ग्रॅम पाणी एवढ्यावर काम भागते. वजनकाटा नसेल तर हिशेब सोपा आहे. पिठाच्या निम्मे पाणी, मापाने. म्हणजे दोन मोठे चमचे सपाट कणीक असेल तर एक मोठा चमचा पाणी. यात वजन जवळपास सारखे होते.

चक्कीवरून दळून आणलेली कोंड्यासकट कणीक सर्वांत चांगली. गव्हाच्या टरफलावरच हे जीव मोठ्या संख्येने असतात आणि त्यांना लागणारी खनिजेही कोंड्यातच असतात. नुसत्या मैद्यावर सुरुवात केली तर वेळ जास्त लागतो.

पहिल्या दिवशी कालवून ठेवावे. दुसऱ्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी त्यातले २० ग्रॅम ठेवून बाकीचे काढावे आणि २० ग्रॅम कणीक व २० ग्रॅम पाणी नव्याने घालावे. चौदा दिवसांचा हिशेब केला तर सारे मिळून २८० ग्रॅम कणीक लागते. पाव किलोहून थोडी जास्त. एवढी गुंतवणूक कोणत्याही घराला झेपते.

बरणी काचेची असावी, म्हणजे आतले दिसते. स्टीलचे भांडेही चालते, चमचाही स्टीलचा चालतो. पण पितळेचे, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे नको. पितळेच्या भांड्यात दही जसे कळकते, तसेच हे आंबवणही कळकते आणि ते पोटाला वाईट. बरणीचे झाकण घट्ट लावू नये. आत वायू साठतो आणि काच फुटू शकते. झाकण नुसते वर ठेवावे किंवा स्वच्छ फडके बांधावे.

गप्प बसलेले दिवस

आता सुरुवातीच्या त्या मुलीच्या बरणीकडे वळू. तिसऱ्या दिवशी पीठ वर आले होते, पाचव्या दिवशी बसले. असे का झाले?

पिठात सुरुवातीला नाना तऱ्हेचे जिवाणू असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांतले घाईचे जिवाणू वायू सोडतात आणि पीठ फुगते. हा यीस्टचा प्रताप नव्हे. या वेळी वासही घाण येतो. कधी ओल्या मोज्यांसारखा, कधी कुजक्या भाजीसारखा. पाहणाऱ्याला वाटते, आंबवण तयार झाले. पण ते फसवे फुगणे असते.

पुढे आम्ल वाढू लागते. घाईच्या जिवाणूंना आम्ल सोसत नाही, ते मागे पडतात. त्यांची जागा आम्लात टिकणारे जिवाणू घेतात. यीस्ट अजून संख्येने थोडा असतो. म्हणून चौथा, पाचवा, सहावा हे दिवस शांततेचे. वरून काहीच घडत नाही असे दिसते, पण आत सत्तापालट चालू असतो. नेमक्या याच दिवशी बहुतेक लोक बरणी फेकून देतात!

या दिवसांत एकच करायचे. नेम सोडायचा नाही. रोज एकदा पीठ-पाणी द्यायचे. फार वेळा देऊ नये, नाही तर जमा होत आलेले आम्ल पुन्हा पातळ होते. सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हा तरी बारीक बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि वास दह्यासारखा, पिकल्या फळासारखा होतो. मुंबई-कोकणच्या उकाड्यात हे लवकर घडते. नाशिक-विदर्भाच्या थंडीत दोन आठवडेही लागतात.

नाडी पाहण्याच्या पाच खुणा

आंबवण निरोगी आहे का, हे नुसते एकदा डोकावून कळत नाही. पीठ-पाणी दिल्यानंतर ते काय करते, हे पाहावे लागते. त्यासाठी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली खूण, वाढ. पीठ-पाणी दिले की बरणीवर पिठाच्या पातळीला एक रबरबँड लावावा. निरोगी आंबवण साधारण २४ ते २८ अंश उष्णतेत ४ ते ८ तासांत दुप्पट होते. रबरबँडखाली दोन बोटे होते, ते चार बोटे झाले पाहिजे. एकदा दुप्पट झाले म्हणून हुरळून जाऊ नये. लागोपाठ तीन दिवस असे झाले, तरच आंबवण तयार झाले असे समजावे. मुलांना हे काम द्यावे. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तारीख, पीठ दिल्याची वेळ आणि दुप्पट झाल्याची वेळ लिहून ठेवावी. आठ दिवसांत तुम्हाला तुमच्या बरणीचा स्वभाव कळेल.

दुसरी खूण, माथा. वाढत असताना आंबवणाचा माथा मध्ये फुगीर असतो. पूर्ण वाढले की सपाट होतो. त्यानंतर मध्ये खड्डा पडतो आणि बरणीच्या काचेवर वरपर्यंत पिठाचे ओघळ राहिलेले दिसतात. कामावरून घरी आल्यावर खाली बसलेले पीठ पाहून "वाढलेच नाही" असे म्हणू नका. काच पाहा. ओघळ वर असेल तर ते तुमच्यामागे वाढून खाली उतरले आहे. पावासाठी आंबवण माथा फुगीर असताना किंवा नुकता सपाट झालेला असताना घ्यावे.

तिसरी खूण, जाळी. बरणीच्या बाजूने पाहिले तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहानमोठी भोके दिसली पाहिजेत. चमचा घालून उचलले तर पीठ तार धरते आणि आत जाळी दिसते. नुसते वर चार बुडबुडे आणि खाली घट्ट गोळा, हे लक्षण अपुऱ्या तयारीचे.

चौथी खूण, वास. चांगला वास म्हणजे ताज्या दह्याचा, ताकाचा, पिकल्या केळीचा किंवा थोडासा ताडीचा. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा उग्र वास आला तर ते भुकेले आहे. कुजका वास पहिल्या आठवड्यात चालतो, त्यानंतर नाही.

पाचवी खूण, तरंगणे. वाटीभर पाण्यात चमचाभर फुगलेले आंबवण अलगद सोडावे. तरंगले तर आत वायू भरपूर आहे. ही परीक्षा झटपट आहे म्हणून लोकप्रिय आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. कोंड्याच्या कणकेचे किंवा पातळ आंबवण निरोगी असूनही बुडू शकते. उचलताना जास्त ढवळले, तरी वायू निघून जातो आणि ते बुडते. रबरबँडची साक्ष खरी मानावी, पाण्याच्या वाटीची साक्ष जोडीला घ्यावी.

एक गोष्ट मात्र करू नये. कच्चे आंबवण चाखून पाहू नये, मुलांना तर मुळीच देऊ नये. कच्च्या पिठातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांना अडवण्याइतके आम्ल तयार झालेले नसते. परीक्षा डोळ्यांनी आणि नाकाने करावी, जिभेने नव्हे.

आजार आणि उपाय

वर काळपट किंवा राखी पाणी जमले आहे. घाबरू नका. आंबवणाने दिलेले पीठ संपवले आणि ते उपाशी राहिले, एवढाच याचा अर्थ. ते पाणी ओतून टाकावे, पीठ-पाणी द्यावे. दोन-तीन खेपांत ते सावरते. विसरून राहिलेली बरणी बहुतेक वेळा अशीच सापडते.

लवकर फुगते आणि लवकर बसते, वास उग्र येतो. हा उन्हाळ्याचा आजार आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात दुपारी ३५ अंशांच्या वर पारा जातो. तेव्हा सारखे प्रमाण चालत नाही, कारण खाणारे जास्त आणि अन्न कमी अशी स्थिती होते. अशा दिवसांत बियाणे कमी करावे. एक भाग जुने आंबवण, पाच भाग कणीक, पाच भाग पाणी, तेही माठातले थंड. एकूण पीठ वाढू नये म्हणून जुने आंबवण फक्त ४ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर ठेवावे. बरणी माठाच्या शेजारी थंडाव्याला ठेवावी.

थंडीत हलत नाही. ऊब द्यावी. चुलीजवळ, पण चुलीवर नव्हे. स्वयंपाक झाल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात घोंगडीचा तुकडा गुंडाळून ठेवले तरी फरक पडतो. पाणी कोमट घ्यावे. बोटाला चटका बसेल इतके गरम पाणी घातले तर यीस्ट मरतो, आणि मग ते खरोखरच मेलेले असते. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ क्लोंडाइक भागात १८९६ नंतर सोने शोधायला गेलेले मजूर आंबट पिठाची पिशवी थंडीत अंगाशी धरून झोपत. ते पीठ त्यांची उद्याची भाकर होते. त्या मजुरांना लोक पुढे 'सॉरडो' याच नावाने ओळखू लागले.

पातळ कांजीसारखे झाले आहे, तार धरत नाही. आम्ल फार वाढले की पिठाचा चिकटपणा, म्हणजे ग्लुटेन, तुटत जाते. वायू तयार होतो, पण धरून ठेवायला जाळे नसते. म्हणून बुडबुडे दिसतात आणि वाढ दिसत नाही. अशा वेळी थोडे बियाणे, जास्त कणीक आणि पाणी थोडे कमी असे घट्टसर आंबवण दोन-तीन वेळा करावे.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास आहे. पावसाळ्यात पाण्यात क्लोरीन जास्त असते. पाणी उकळून पूर्ण थंड करून वापरावे.

फ्रिजमधून काढल्यावर मलूल आहे. थंडीत ते झोपलेले असते. आठवड्यातून एकदा पीठ-पाणी देऊन फ्रिजमध्ये ठेवता येते. पाव करायच्या आदल्या दिवशी बाहेर काढून दोन वेळा पीठ-पाणी द्यावे. दुप्पट होऊ लागले की मगच वापरावे.

येथे दयामाया नको

भुकेलेले आंबवण वाचते, सडलेले वाचत नाही. गुलाबी, नारिंगी किंवा तांबडी रेघ अथवा ठिपका दिसला, वर हिरवी, काळी किंवा पांढरी केसाळ बुरशी आली, दोन आठवड्यांनंतरही कुजका वास हटला नाही, आत किडे झाले, तर सारे फेकून द्यावे. वरचा थर काढून खालचे वापरू नये. बुरशीची मुळे खालपर्यंत गेलेली असतात. "भाजल्यावर सगळे मरते" हा समज चुकीचा आहे. बुरशी मरते, पण तिने सोडलेली काही विषे भट्टीच्या आचेतही टिकतात. पाव किलो पीठ वाचवायला जाऊन दवाखान्याचा खर्च करू नये. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात वाळवावी आणि नव्याने सुरुवात करावी.

पुन्हा पहिल्यापासून मांडायची वेळ येऊ नये म्हणून एक साधी युक्ती आहे. आंबवण जोमात असताना थोडे ताटलीत पातळ पसरून सावलीत पूर्ण वाळवावे. पापडासारखे कडकडीत झाले की चुरून कोरड्या डबीत ठेवावे. बरणी बिघडली, गावी जाऊन महिना लागला, तरी हा चुरा पाण्यात भिजवून काही दिवसांत आंबवण पुन्हा उभे करता येते.

दोष कुणाचा?

आता त्या "कुणाचा तरी हात लागला" या वाक्याकडे येऊ. लोणचे नासले, पापड लाल झाले, पीठ फुगले नाही, की घरातल्या पाळी आलेल्या बाईकडे किंवा मुलीकडे बोट जाते. हा समज फक्त आपल्या देशातला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधल्या प्लिनी या लेखकाने, अशा बाईच्या स्पर्शाने नवी द्राक्षमदिरा आंबते, असे लिहून ठेवले. १९२० मध्ये युरोपातल्या बेला शिक या नामांकित डॉक्टरनेही पाळीच्या काळात बाईच्या हातून फुले कोमेजतात, म्हणून तिच्या अंगात एक विष असते, असा दावा केला. ते विष आजवर कोणालाही सापडलेले नाही. शिकलेला माणूसही जुन्या समजुतीच्या आहारी जातो, तो असा.

पीठ न फुगण्याची कारणे वर सांगितली. उष्णता, अन्न, पाणी, वेळ आणि स्वच्छता. या पाचांपैकी एक चुकले की आंबवण रुसते. महिन्याचे कोणतेही चार दिवस त्याला कळत नाहीत. हात साबणाने धुतलेला आहे की नाही, एवढेच त्याला कळते, आणि ते बाईच्या हाताला लागू आहे तसेच पुरुषाच्याही. शंका असेल तर दिनदर्शिकेवर लिहिलेल्या वेळा काढून पाहा. तेथे उत्तर मिळेल. ज्या घरात ही नोंद असते, त्या घरात पोरीला बोल लावायला जागा उरत नाही.

दुसरा एक भ्रम पैशाचा आहे. "आमचे आंबवण शंभर वर्षांचे आहे", "हे परदेशातून आणले आहे" असे सांगून चमचाभर पीठ महागात विकले जाते. जुनी आंबवणे जपणे हे चांगले काम आहे. बेल्जियममधील सेंट विथ या गावी २०१३ पासून असे एक संग्रहालय आहे. तेथे जगभरची शंभराहून अधिक आंबवणे बरण्यांत जपून ठेवली आहेत. पण जुन्या घराण्याचे म्हणून ते तुमच्या घरी जास्त फुगेल, असे मुळीच नाही. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी चार खंडांतून गोळा केलेल्या ५०० आंबवणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आंबवण कोणत्या मुलुखातले आहे यावरून त्यात कोणते जीव असतील हे फारसे ओळखता येत नाही, असे त्यातून दिसले. तुम्ही रोज काय घालता, कोठे ठेवता, कसे सांभाळता, यावर ते घडत असते.

म्हणून आंबवणाला कुळ विचारू नये. आज पीठ दिले तर आज ते किती वाढते, एवढेच विचारावे.

काढलेले पीठ वाया घालवू नका

पहिल्या आठवड्यात काढलेले पीठ खाऊ नये. ते झाडांच्या मातीत मिसळावे किंवा ओल्या कचऱ्यात टाकावे. आंबवण नियमित दुप्पट होऊ लागल्यावर मात्र काढलेला भाग झाकून फ्रिजमध्ये साठवावा. आठवड्याचा वाटीभर साठा झाला की त्यात बेसन, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून धिरडी करावीत. ताक न घालताही आंबूस, जाळीदार धिरडे होते. थालीपिठाच्या भाजणीतही ते खपते.

पावासाठी भट्टी नाही म्हणून अडून बसू नये. अर्धी वाटी फुगलेले आंबवण, दोन वाट्या कणीक किंवा निम्मी कणीक निम्मा मैदा, चवीपुरते मीठ आणि लागेल तसे पाणी घेऊन पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळावे. झाकून ठेवावे. उकाड्यात चार-पाच तासांत ते चांगले वर येते. मग जाडसर छोटे गोळे चपटे करून तासभर ठेवावेत आणि जाड तव्यावर झाकण घालून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटे भाजावेत. मुलांच्या डब्याला हे तवापाव उत्तम.

हा पाव औषध आहे अशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका. आंबट पावाने रक्तातली साखर साध्या मैद्याच्या पावापेक्षा काहीशी सावकाश वाढते असे आढळले आहे. पण मधुमेह असलेल्याने तो मोजूनच खावा, डॉक्टरांची गोळी बंद करू नये. ज्यांना गव्हाचे ग्लुटेन चालत नाही, त्यांनी तर तो खाऊच नये. आंबवल्याने ग्लुटेन नाहीसे होत नाही.

हातात एक कसब

आपल्यातले कितीतरी तरुण बेकरीत आणि हॉटेलच्या भटारखान्यात रात्रपाळी करतात. पीठ मळणे, ताटे उचलणे, भट्टी पुसणे ही कामे त्यांच्याकडे असतात. आंबवण पाहण्याचे काम मात्र वरच्या कारागिराकडे. ते ज्ञान पगार वाढवणारे आहे, आणि आता तुम्ही पाहिलेच की त्यात गूढ काही नाही. एक बरणी, एक रबरबँड आणि रोजची नोंद. घरी महिनाभर हा नेम पाळणारा मुलगा किंवा मुलगी कामावर आत्मविश्वासाने सांगू शकते, "हे अजून तयार नाही, दोन तास थांबा," किंवा "हे उतरले, आता घेऊ नका." पुढे घरगुती विक्री करायची झाली तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते, हे मात्र विसरू नये.

तेव्हा बरणी गप्प बसली म्हणून लगेच मोरीकडे धाव घेऊ नका. रंग पाहा, वास घ्या, काचेवरचा ओघळ पाहा, किती वाजता पीठ दिले होते ते आठवा. बुरशी नाही, रंगीत रेघ नाही, तर ते मेलेले नाही. भुकेले असेल किंवा गारठले असेल. चमचाभर कणीक द्या, थोडी ऊब द्या, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा रबरबँडकडे पाहा.